मधले महिने

मुख्य व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये, खुर्चीच्या मागे,
सागवानी फलक आहे. दर दिवाळीला वॉर्निश.
गो. रा. साळुंखे, अ. पा. शेडबाळे, वि. ना. दांडेकर.
प्रत्येकापुढे दोन तारखा: पासून, पर्यंत.
एकाचा पर्यंत आणि दुसऱ्याचा पासून
यांच्यामध्ये काही महिने सांडलेत.
ते मी आहे.

अकरा, साळुंखे साहेबांच्या बायपासनंतर.
सात, शेडबाळे पुण्याला गेले तेव्हा.
आणि चौदा, ज्यात महापुराचा ऑगस्ट येतो.
आदेशात लिहिलेलं: श्रीमती र. भू. मगदूम यांनी
पुढील व्यवस्था होईपर्यंत
कार्यभार पाहावा.
पाहावा. सांभाळावा असंसुद्धा नाही.
भत्ता दरमहा तीनशे.

आयर्विनपाशी पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं त्या रात्री
मी, शिपाई तुकाराम ऐवळे आणि एक मेणबत्ती
तारणाचं सोनं वरच्या मजल्यावर चढवत होतो,
पिशवी पिशवी मोजून, चिठ्ठी चिठ्ठी वाचून.
खाली पेठेत हळदीची पोती फुगून उसवली होती
आणि आमच्या पायरीशी पाणी पिवळं झालं होतं.
दुसऱ्या दिवशी संचालक बोटीतून आले.
म्हणाले, बाई, घरी मुलांजवळ कोण आहे?
सोन्याचं नंतर विचारलं.

वडील माझे मार्केट यार्डात तोलार.
डबा घेऊन जायचे मी, तेव्हा
सौदा रुमालाखाली चालायचा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
वर धुतलेला रुमाल, आत बोटं भाव बोलायची.
सगळं उघड्यावर, आणि कुणाला काही दिसायचं नाही.
मी विचारलं, बाईला हळद घ्यायची झाली, तर?
काट्यावरची नजर न काढता वडील म्हणाले,
तिथं हात कसा घालणार, रत्ना.

मुलाखतीला बसले तीनदा.
टेबलावर चहा, भडंग, माझी फाइल.
एकानं विचारलं, वसुलीला जतपर्यंत जाल का?
म्हटलं, जातेच आहे, बावीस वर्षं.
दुसरा म्हणाला, मॅडमचा स्वभाव जरा कडक आहे.
(दांडेकरांच्या निरोपसमारंभात
कडक हा शब्द तीनदा आला होता.
तिन्ही वेळा टाळ्या.)
फाइल कुणी उघडली नाही.
बोटं आदल्या रात्रीच हलून गेली होती,
हरिपूरच्या कुणाच्या तरी फार्महाऊसवर, अकराच्या पुढं,
जिथं जायला मला कुणी मनाई केलेली नव्हती.
बोलावलेलंही नव्हतं.

नवे साहेब अडतीसचे. ताळेबंद त्यांना मी शिकवला.
रुजू झाले त्या सकाळी वाकून पाया पडले,
आणि अगदी मनापासून.
त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा पेंटर फलकावर त्यांचं नाव चढवून गेला.
निलोफर मुजावर, बी.कॉम., प्रशिक्षणार्थी,
ओल्या अक्षरांखाली उभी राहून तारखा वाचत होती.
हिशोबाची सवय; बोटांवर मोजलं तिनं.
मॅडम, म्हणाली, मधे-मधे एवढे महिने
बँक बंद होती का?

बत्तीस महिने. व्याज धरलेलं नाही.

कपाटातून किल्ल्यांची नोंदवही काढली,
कडेला पुराच्या पाण्याची रेघ असलेली,
आणि तिच्या पुढ्यात ठेवली.
नऊ पन्नास, तिजोरी उघडली, सही.
नऊ पन्नास, तिजोरी उघडली, सही.
वाच, म्हटलं. सही लागते का बघ.
ती वाकली.
जरा गिचमिड आहे, म्हणाली.
मग पान उलटलं तिनं.
मग पुढचं.